नव्या मालावरची फिल्म

आत्या दुकानात शिरली की आधी तिच्या उजव्या हाताची पाचही बोटं माझ्या काउंटरच्या काचेवर पडायची. धाड! आणि मग आवाज, "कोन म्हनला? नाव सांग त्याचं!"

ती काच अजून आहे. कोपऱ्यापासून मधोमध तडा गेलाय आणि त्यावर मी चिकटपट्टी लावलीय. गिऱ्हाइकं विचारतात, "काच बदलत का नाही हो?" मी म्हणतो, असू द्या, एका मोठ्या बाईची सही आहे ती.

दहिवलीत माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. गावातली कुठलीही अफवा माझ्या दुकानावरून बारीक होऊन जाते आणि फुगून परत येते. तुम्ही-आम्ही काय करतो? ऐकतो, "अरे बापरे" म्हणतो आणि पुढच्याला देतो. आत्या अफवेची कॉलर धरायची आणि तिला उलट्या पावली तिच्या घरी पोचवायची.

एकदा बोलवा उठली की वस्तीचा नळ बंद होणार आणि ते पाणी फार्महाउसांना देणार. "कोन म्हनला?" मी भाजीवालीचं नाव सांगितलं. भाजीवालीनं रिक्षावाल्याचं सांगितलं, रिक्षावाल्यानं न्हाव्याचं, आणि न्हाव्यानं घाबरून हातातली दाढी अर्धी टाकून एका रिकामटेकड्या बहाद्दराचं. आत्या भर उन्हात, छत्री काखेत मारून, त्या बहाद्दराच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. छत्री उघडली नव्हती, कारण ती नवी होती. बहाद्दर म्हणाला, "आत्या, गंमत केली हो." आत्या म्हणाली, "आसं व्हय? चल मग. जिथं जिथं तुजी गंमत गेली, तिथं तिथं चल." आणि तिनं त्याला सगळी साखळी उलटी फिरवून प्रत्येकासमोर "मी खोटं बोललो" म्हणायला लावलं. न्हाव्याकडे पोचले तेव्हा ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच बसून होतं. पुढं काय झालं हे कळल्याशिवाय उठणार कसं?

माझं नाव तिला ठाऊक होतं, पण ती मला "ए झेराक्स" अशीच हाक मारायची. मी तिला आत्या म्हणायचो. सगळेच म्हणायचे. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी भावाच्या शेजारी खोली बांधून राहिली आणि भाच्यांबरोबर अख्ख्या वस्तीची आत्या झाली. तिच्या अंगाखांद्यावर मोठी झालेली माणसं आजोबा झाली, तरी ती त्यांना "ए शेंबड्या" म्हणायची.

खोपोलीच्या एका कारखान्यात तिनं पॅकिंग खात्यात नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाली. पॅकिंग हा तिच्या लेखी धर्म होता. तुम्ही अशी घरं पाहिली असतील, जिथं टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो आणि खुर्चीच्या दांड्यावरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं तसंच असतं. आत्याच्या घरी त्याच्या पुढची पायरी होती. तिच्या गादीवर बसलं की चर्र आवाज यायचा. फ्रिजच्या दारावर कारखान्यातून निघाल्यापासूनची निळसर फिल्म होती. पाहुण्यांसाठीचे कप डब्यात, डबा पिशवीत, पिशवी कपाटात. आम्ही चहा स्टीलच्या पेल्यातून प्यायचो. लॅमिनेशनला तर ती काय काय आणायची! एकदा पिंपळाचं पान घेऊन आली, एकदा डॉक्टरांच्या भेटीची वेळ लिहिलेली चिठ्ठी. ती वेळ होऊन गेली होती.

"आत्या, हे कशाला?"

"आसू दे रं. चांगलं आक्षर हाय."

नव्या वस्तूवरच्या फिल्मबद्दल तिचा एक कायदा होता आणि तो मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही म्हणेन. "फिल्म गिऱ्हाइकानं काढायची. आपन नाय. ज्याचा माल, त्याचा हात." पॅकिंग खात्यात कुणी नख लावलेलं दिसलं तर म्हणे ती तो माल परत पाठवायची आणि नख लावणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारायची, "कोनाचं नख हाय हे? नाव सांग."

आता कॉम्प्युटरचं सांगतो. इथं मला स्वतःला राग येतो, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

वस्तीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. दोन ट्यूबलाइट, सतरंज्या, पुस्तकांचं कपाट. कॉलेजातल्या पोरींना कॉम्प्युटर लागायचा, तेव्हा त्या बाजारातल्या कॅफेत जायच्या. तिथं मागच्या बाकावर बसलेली टोळकी पडद्याकडे कमी आणि पोरींकडे जास्त बघायची. एक पोर रडत परत आली आणि म्हणाली, मी नाही जात आता, नापास होईन पण नाही जात. आत्या कॅफेत गेली. तिथं काय झालं ते मी पाहिलं नाही, पण त्या बाकाचा एक पाय मोडला एवढं खरं. पण बाक मोडून पोरींचं काम कुठं होतंय? अभ्यासिकेत कॉम्प्युटर हवाच, हे तिच्या डोक्यानं घेतलं.

नेमके तेव्हाच दानशूर शेठ उगवले. नदीकाठी त्यांचं फार्महाउस आहे. गेट एवढं मोठं, की आमच्या वस्तीतलं कुठलंही घर त्यातून आडवं जाईल. शेठनी अभ्यासिकेला टेंपोभर कॉम्प्युटर दिले. मांडव पडला, नारळ फुटला, "ज्ञानाची गंगा तुमच्या दारी" असं भाषण झालं. भिंतीत शेठच्या नावाची काळ्या दगडाची, सोनेरी अक्षरांची पाटी बसली. फोटो निघाले. टाळ्या मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बटणं दाबली. एकही चालू होईना. शेठच्या मुंबईच्या ऑफिसात मेलेली धुडं होती ती. भंगारवाल्याला द्यायच्या ऐवजी आम्हाला दिली. एकाच्या पोटात पालीचं बाळंतपण झालं होतं. एकाच्या आत काहीच नव्हतं, नुसता डबा. त्या सगळ्या सामानात नवी कोरी अशी एकच वस्तू होती, ती पाटी.

आत्यानं माझ्या दुकानातून शेठच्या मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर गोड बोलणारा. म्हणाला, "अहो आत्या, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत."

"गाय कुठं हाय?" आत्या म्हणाली. "तुमी आमाला नुसती शिंगं धाडलीत!"

मग तिनं ती शिंगं परत पाठवली. आणि कशी? पॅकिंग खात्यातली बाई ती! प्रत्येक डबा फडक्यानं पुसला, दोरीनं बांधला, टेंपोत गवत घालून रचला, आणि त्या मोठ्या गेटासमोर ओळीनं मांडून आली. वर ती काळी पाटी. ती भिंतीतून काढताना तिनं कुणाला विचारलं नाही. छिन्नी भावाच्या घरची होती, हात तिचे.

वस्ती चिडली. तुम्हाला वाटेल शेठवर. छे! आत्यावर. कमिटीचे अध्यक्ष सगळ्यांच्या वतीनं बोलले, "आज ना उद्या दुरुस्त केले असते. फुकटचं होतं. मोठ्या माणसाला दुखावलंत. आता आणा बघू तुमचा कॉम्प्युटर."

"आनते," आत्या म्हणाली. "आनला नाय तर अभ्यासिकेची किल्ली तुमच्या हातात देते आन पुना उंबऱ्यात पाय ठेवत नाय."

किल्ली म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. ती किल्ली तिच्या कमरेला असायची. रोज सकाळी दार उघडून झाडून काढणं, संध्याकाळी पोरी आल्या की त्यांच्यावर ओरडणं, एवढंच तिचं रिटायर झाल्यानंतरचं आयुष्य होतं. ते तिनं पैजेवर लावलं.

बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी तिच्याबरोबर गेलो. दुकानदारानं एक बंद डबा पुढं केला. आत्या म्हणाली, "उघड. आत काय हाय बगू दे." नुकतीच नुसती डबडी मिळालेली बाई, ती आत बघणारच! दुकानदार हसला. "आत बघायचं नसतं आत्या. तुमच्या डोक्याबाहेरचं आहे ते."

धाड! "कोन म्हनला?"

"मी म्हणतो."

मी डोळे मिटले. पण आत्या शांतपणे म्हणाली, "बरं. नाव तर हाय. ध्यानात ठेवते." आणि पायऱ्या उतरता उतरता मला म्हणाली, "झेराक्स, सुटे भाग मागव. मी बांधनार."

पैसे वस्तीतल्या बायकांनी कसे उभे केले ते सांगत नाही. तो राग वेगळा आहे. भाग माझ्या दुकानाच्या पत्त्यावर येऊ लागले. रोज एक खोका. आत्या प्रत्येक खोक्याला दारातच गाठायची, कुरिअरवाल्याला "आदळला का रं?" असं दरडावून विचारायची आणि मग खोका मांडीवर घेऊन बसायची.

तेवढ्या वेळात ती कुणावर रागवत नसे. खोक्याच्या कडेवरून बोट फिरवायची, पट्टी कशी मारलीय बघायची, आत घडी कशी घातलीय बघायची. एकदा मदरबोर्डचा खोका उघडून कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मला वाटलं काही तुटलंय.

"काय झालं आत्या?"

"मानसाचा हात हाय ह्याला," ती म्हणाली. "मशिनची घडी आशी येत नाय. तिकडं बी कोन तरी बसली आसंल बग, माज्यासारकी. कंबर दुकत आसंल तिची."

मग माझ्याकडे लक्ष जाऊन ओरडली, "काय बगतोस? गिऱ्हाईक उभं हाय तुजं!"

बांधायचा दिवस ठरला. अभ्यासिकेत पांढरी चादर अंथरली. आत्यानं हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. नव्या बांधणाऱ्यांसाठीच्या व्हिडिओत तसं सांगितलं होतं. व्हिडिओ माझ्या मोबाइलवर चालू, मी थांबवून थांबवून मराठीत सांगणार, ती करणार. पोरी भिंतीला टेकून. आत्याला आणि मला, दोघांनाही यातलं शून्य कळत होतं, हे मी लपवत नाही.

कोण म्हणतं कॉम्प्युटर डोक्यानं बांधतात? आत्यानं तो शिव्यांनी बांधला. प्रोसेसर तेवढा हळुवार ठेवला, कुंकवाची डबी ठेवावी तसा. बाकी सगळं दमात घेऊन. रॅमची पट्टी बसेना. व्हिडिओतला माणूस म्हणत होता जोर लावा, आणि जोर लावावा तर खाली बोर्ड वाकतोय. "बस की गं भवाने! कोन खातंय का तुला?" आत्या खेकसली आणि पट्टी कट्कन बसली. आम्ही सगळे दचकलो. बटणाच्या वायरी आल्या, तेव्हा तिला ब्रह्मांड आठवलं. "येवढं मोठं धूड, आन ह्या काय उंदराच्या शेपट्या! कोनाची आक्कल ही? नाव काय त्याचं?" व्हिडिओतल्या माणसाला ती नावानं हाका मारू लागली होती आणि तो थांबला नाही म्हणून त्याच्यावरही चिडली होती.

मग प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा कूलर आला. पत्र्यांचा मनोरा, त्याला पंखा. त्याच्या तळाशी, जिथं तो प्रोसेसरला टेकतो, तिथं पारदर्शक फिल्म होती, अगदी पातळ, वर अक्षरही नाही. मी विचारलं, "आत्या, ही काढायची का?"

माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. "हात लावू नको! फिल्म पोरी काढतील. चालू झाल्यावर, त्यांच्या हातानं. त्यांचा माल हाय."

"पण ही तर खाली दबणार."

"दबू दे. माल नवा राहील."

व्हिडिओ तोवर दोन पायऱ्या पुढं गेला होता. तिनं प्रोसेसरवर ट्यूबमधली पेस्ट लावली, कूलर ठेवला, स्क्रू पिळले. पडद्यावर फिल्म, डब्याच्या काचेवर फिल्म, कीबोर्डवर फिल्म. असा तो बांधून झाला. पोरींना तिनं बजावलं, "उद्या सगळ्यांसमोर चालू करू. मग सोला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वंदना झाली आणि सगळी वस्ती अभ्यासिकेत लोटली. अध्यक्ष पुढच्या खुर्चीत. बाजारातला दुकानदारही आला होता. आत्यानं त्याला मुद्दाम निरोप धाडला होता. आत्या नवं पातळ नेसली होती, घडीवरच्या रेघा तशाच होत्या. तिनं बटण दाबलं. पंखा गरगरला. पडद्यावर अक्षरं आली आणि मग निळंशार चित्र.

काय सांगू तुम्हाला! टाळ्या पडल्या. मी शिट्टी मारली. आत्याच्या चेहऱ्यावरचा राग जाग्यावरून हलला आणि त्या जागी काय ठेवावं हे तिला कळेना. तिनं पोरींना हाक मारली, "या गं, काढा फिल्म." एक पोर पुढं आली, पडद्याच्या कोपऱ्याला नख लावलं—

आणि पडदा काळा झाला.

पुन्हा बटण. पुन्हा गरगर, पुन्हा निळं चित्र, पुन्हा काळं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर. चौथ्यांदा अक्षरंसुद्धा आली नाहीत. मागून कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष उठले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "धर्माची गाय बरी होती म्हणायची." दुकानदारानं माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याचा तो डोळा मी आजही विसरलेलो नाही.

आत्यानं सगळ्यांना हाकलून दिलं. शेठला, वीज कंपनीला, कुरिअरवाल्याला, व्हिडिओतल्या माणसाला, अध्यक्षांच्या सात पिढ्यांना तिनं नावं घेऊन घेऊन झोडपलं. शेवटी मलाही. मग आतून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि तिनं हात काचेवर अलगद ठेवला. खरं सांगतो, त्या अलगद हाताची मला जेवढी भीती वाटली, तेवढी कुठल्या धाडची वाटली नव्हती. दुसऱ्या हातात अभ्यासिकेची किल्ली होती.

"संध्याकाळी देते आध्यक्षाला," ती म्हणाली. "डोकं गरम हुतंय रं त्याचं. हात लावून बगितला. बाजूनं चटका, आन वरचा मनोरा थंड. वरपर्यंत काय पोचतच नाय."

"घरच्या माणसावर गेलंय," मी म्हणालो. ती हसावी, निदान एक शिवी द्यावी म्हणून. ती किल्लीकडेच बघत राहिली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक कार्ड लॅमिनेट करायला आलं. मी ते मशीनमध्ये घातलं. बाहेर येतं तेव्हा ते भाजणारं असतं, म्हणून जाड प्लॅस्टिकच्या तुकड्यात धरून द्यायची मला सवय आहे. तसं धरून मी ते पुढं केलं.

आत्या त्या तुकड्याकडे बघत होती.

"त्याच्यानं चटका लागत नाय?"

"नाही ना. म्हणून तर धरतो. प्लॅस्टिकमधनं लवकर गरमी येत—"

मी थांबलो. आमची दोघांची नजर एकमेकांवर, आणि गिऱ्हाईक मध्ये कार्ड घेऊन उभं.

मग धाड! काचेला तडा गेला तो तेव्हाचा. "कोन म्हनला दबू दे म्हनून? कोन म्हनला माल नवा राहील? नाव सांग त्याचं!"

माझी छाती झाली नाही. पण तिला माझं उत्तर नकोच होतं. ती रस्त्यावर उतरली, वस्तीकडे तोंड केलं आणि पूर्ण नाव उच्चारलं. स्वतःचं. बापाचं नाव, आडनाव, सगळं, शाळेत हजेरी घेतात तसं खणखणीत. रिक्षा थांबल्या. भाजीवालीनं तराजू खाली ठेवला. ते नाव मी इथं लिहीत नाही. तिनं ते स्वतः, स्वतःच्या चुकीसमोर घेतलं, त्यापेक्षा मोठ्यानं मला घेता येणार नाही.

त्या संध्याकाळी तिनं पुन्हा सगळ्यांना बोलावलं. अध्यक्षांना, दुकानदारालाही. सगळ्यांसमोर स्क्रू काढले, कूलर उपटला, पेस्टनं माखलेली ती फिल्म चिमटीत धरून वर केली. "ही माजी चूक," ती म्हणाली. "आख्खा जल्म पॅकिंग जपलं. कुठलं काढायचं ते कळलं नाय. हसायचं आसंल तर आता हसा, मागनं नाय." कुणी हसलं नाही. प्रोसेसर पुसला, नवी पेस्ट, कूलर, स्क्रू, बटण.

पंखा गरगरला आणि गरगरतच राहिला. आम्ही सगळे त्या निळ्या चित्राकडे बघत बसलो. चित्रात काही नव्हतं, तरी. मग पोरींनी पडद्यावरची फिल्म धरली आणि एका दमात सोलली. तो आवाज ऐकून आत्यानं डोळे मिटले. मग लगेच उघडून ओरडली, "घडी घाल तिची! फेकतेस कुठं?"

किल्ली कमरेलाच राहिली. तो कॉम्प्युटर अजून चालतो. त्याच्यावर शिकून एक पोर बँकेत लागली, एक पुण्याला नकाशे काढते. आत्या शेवटपर्यंत त्याला हात लावत नव्हती, मागं स्टुलावर बसून "पाठ सरळ! मान वर!" करत राहायची. आणि हो, ती कूलरची मळकी फिल्म तिनं धुऊन पुसून माझ्याकडे आणली होती.

"लॅमिनेट कर."

"प्लॅस्टिकला प्लॅस्टिक?"

"कर म्हनले ना!"

मी केली. ती कॉम्प्युटरच्या डब्याच्या बाजूला चिकटवलेली आहे. नव्या पोरी विचारतात, हे काय आहे, आणि जुन्या पोरी सांगतात.

गेल्या वर्षी आत्या गेली. दुपारची डाळ निवडत बसली होती, तशीच कलंडली. ताटात खडे वेगळे, डाळ वेगळी. घरात पाहुण्यांचे कप होते तसेच निघाले, डब्यात, पिशवीत. त्या दिवशी पहिल्यांदा त्यातून चहा दिला गेला, आणि मी कप हातात धरून असा संतापलो की सांगता येत नाही. कुणावर ते मलाही कळलं नाही.

शोकसभेला शेठ आले. हो, तेच. हातात भलंमोठं पुष्पचक्र, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं, वर त्यांच्या संस्थेच्या नावाची पट्टी. ते त्यांनी फोटोसमोर ठेवलं आणि अध्यक्षांनी त्यांच्या हाती माइक दिला.

"आत्या अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या," शेठ म्हणाले.

सभेत खसखस पिकली. एवढं चाललं असतं. मेलेल्या माणसाला लोक शांत करतातच. पण शेठ पुढं गेले. "आमच्या संस्थेनं इथं जे कॉम्प्युटर दिले, त्यावर त्यांनी या मुलींना घडवलं. आमचं दान सार्थकी लागलं."

माझा हात मांडीवरून उचलला गेला. पण मी आपटायला टेबल शोधतोय तोवर बायकांच्या बाजूनं आवाज आला. धाड! बँकेतली ती पोर उभी होती, हात अजून बाकावर.

"कोण म्हणालं?"

शेठ गोंधळले. "म्हणजे... आमच्या मॅनेजरनी..."

"नाव सांगा त्यांचं."

आणि मग तिच्या शेजारची बाई, तिच्यामागची म्हातारी, भाजीवाली, भिंतीला टेकलेल्या नव्या पोरी, ज्यांनी आत्याला शेवटची शेवटची पाहिली होती, एकेक करून, "कोन म्हनला? नाव सांगा! नाव सांगा त्याचं!" अध्यक्षांनी माइक काढून घ्यायला हात पुढं केला आणि परत घेतला. शेठ उठून गेले. गाडीपर्यंत त्यांच्यामागं तोच एक प्रश्न गेला.

सभा संपली. आम्ही आणलेली फुलं पोरींनी फोटोपुढं सोडवून वाहिली. त्या पुष्पचक्राच्या प्लॅस्टिकला मात्र कुणी नख लावलं नाही. ज्याचा माल, त्याचा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नदीकाठच्या मोठ्या गेटासमोर उभं होतं. पुसून, दोरीनं नीट बांधून, खाली गवत घालून. पट्टीसुद्धा वाकलेली नव्हती. शेठचा वॉचमन दहिवलीभर विचारत फिरला, कुणी ठेवलं, कुणी ठेवलं. माझ्या दुकानातही आला.

मी त्या तडा गेलेल्या काचेवर दोन्ही हात ठेवून उभा होतो. म्हटलं, मला ठाऊक आहे. पण नाव सांगणार नाही.